वामीशेजारचे बाळ

मित्रांनो, मी एक फार जुने बाळ आहे. हसू नका! तापीकाठच्या आपल्या गावात, सिंधीपुऱ्याजवळच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, स्पिरिटच्या बाटलीत मी इतकी वर्षे काढली की मला पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी आता आजोबा झाले असतील.

माझा जन्म समुद्रातला. तेव्हा मी पानासारखे चपटे आणि काचेसारखे आरपार होते. मोठी होताना आमची जात आधी आखडून लहान होते, मग वाढते. ते वय येण्याआधीच, आपली तापी सागराला मिळते तिथे, कॉलेजच्या सहलीला आलेल्या श्रीकांत सरांच्या बारीक जाळ्यात मी सापडले. पानासारखे पिल्लू म्हणजे वामीचे, त्या सापासारख्या माशाचे, असे सरांनी ठरवले. तिथल्याच बाजारातून त्यांनी एक लांबलचक वाम घेतली आणि कपाटात मला तिच्या शेजारी ठेवले.

"राहा आईजवळ," ते म्हणाले.

मी मानले. पण मनात घोळ होताच. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे, आणि माझे तर काहीच तिच्यासारखे नव्हते. कुणी मला केळीच्या पानाचा तुकडा म्हणाले, कुणी प्लास्टिक. मी पांढरे पडत गेले. आपण कोण, हे माझे मलाच कळेना.

परवा कपाटाची सफाई निघाली. चारुलता मॅडमनी मला उचलले. "हे तर खराबच झालं. वाम ठेवू, पिल्लू फेकून दे."

त्यांची विद्यार्थिनी दीपाली मला मोरीपाशी घेऊन गेली. मी फार घाबरले. झाकण उघडता उघडता तिने बाटली उजेडात धरली.

"मॅडम, एक मिनट रुको ना! याची शेपूट तर दोन फाट्यांची आहे. वामीची तर टोकदार राहते ना?"

मॅडमनी भिंग लावले. बाटली फिरवून फिरवून त्यांनी माझी शेपूट पाहिली.

"अरे हो, हे वामीचं नाहीच. हा तर चांदीसारख्या खवल्यांचा मासा झाला असता. पण बाळपणी असं पानासारखं अंग दोघांचंही राहतं, म्हणजे मूळ घराणं एकच. पुरानी रिश्तेदारी आहे."

"मग नाव काय लिहू?"

"अंगातले स्नायूंचे पट्टे मोजल्याबिगर नाही सांगता येत. तोवर संभाळून ठेव."

मला हायसे वाटले आणि रडूही आले. आई गेली, दूरची मावशी मिळाली, नाव मात्र अजून नाहीच. आनंद मानावा की दुःख?

मित्रांनो, ओळख पटत नाही म्हणून कुणाला मोरीत ओतू नका. आधी नीट शेपूट तरी बघा.

दीपालीने मला ताज्या स्पिरिटमध्ये ठेवले आणि विचारले, "मॅडम, याला वामीपासून हटवू का?"

"राहू दे तिथंच. इतक्या वर्षांची आदत झाली असेल त्याला."

झालीच आहे. मनातल्या मनात मी तिला अजून आईच म्हणते.