धरलेली जागा

आबारावांनी गळ्यातला चौकड्यांचा रुमाल काढून सीटवर टाकला आणि ते बसच्या दाराकडं निघाले.

“अहो, कुठं?” मथुराबाईंनी विचारलं.

“पाय मोकळे करून येतो. येडशीच्या स्टँडवरनं कधी लगेच सुटलीय का गाडी?”

हे गमतीनं होतं की खरंच, ते मथुराबाईंना कळलं नाही. त्या उठेपर्यंत दार मिटलं. ओरडून सांगायला कंडक्टर नव्हता. म्युनिकचं ते स्टेशन मागं सरकलं. आबाराव बसकडं पाठ करून एका झाडाकडं बघत उभे होते.

सकाळी बसचा दिवसभराचा पास देताना इथं राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं, रोहिणीनं विचारलं होतं, “आई, बाबांना जमेल ना गं इथल्या बसनं फिरायला?”

“तुझ्या बाबांनी अख्खा जिल्हा एसटीनं पालथा घातलाय,” मथुराबाई हसून म्हणाल्या होत्या. गावाकडं कळंबच्या बाजारातून घरी यायची वाट ते दोनदा चुकले होते, हे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं. आबारावांनाही त्या जाणवू देत नसत. ते काही विसरले, की “मीच सांगायची राहिले,” म्हणत.

पर्समध्ये फोन होता. रोहिणीला लावला असता, तर अर्ध्या तासात ती गाडी घेऊन आली असती. आणि मग सगळंच विचारलं असतं. मथुराबाईंनी फोन बाहेर काढला, परत ठेवला.

एक पिकल्या केसांची बाई त्या सीटपाशी आली. मथुराबाईंनी रुमालावर हात ठेवला.

“इथं माणूस आहे.”

बाईनं रिकाम्या सीटकडं पाहिलं, मग मथुराबाईंच्या चेहऱ्याकडं. ती दांडीला धरून उभी राहिली.

पुढच्या थांब्यावर मथुराबाई रुमाल घेऊन उतरल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर गेल्या. उलट दिशेची बस दिसताच त्यांनी पुढं होऊन दोन्ही हात हलवले. ती तशीही थांबणारच होती. ड्रायव्हरनं भुवया उंचावल्या.

स्टेशन आलं. झाडापाशी कुणी नव्हतं. मथुराबाई खाली उतरल्या. फोन हातात आला. रोहिणीचं नाव दिसत होतं.

“मथुरा!”

आबाराव थांब्याच्या बाकावर बसले होते. डोक्यावरची टोपी त्यांनी शेजारी ठेवली होती. समोर एक म्हातारा गृहस्थ काठी टेकवून उभा होता. त्याला बसू दिलेलं दिसत नव्हतं.

“बस. जागा धरलीय तुझी.”

मथुराबाई बसल्या. त्यांनी मांडीवर रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

“मीच विसरले बघा. इथं गाडी फार वेळ थांबत नाही, ते सांगायचं राहिलंच.”

आबाराव टोपीची कड चाचपत राहिले.

“वर्ष झालं,” ते म्हणाले, “दर टायमाला तूच कशी गं विसरतीस?”

घडी तशीच हातात राहिली.

“उतरलो कशाला, ते आठवंना. म्हटलं, आता हलायचं न्हाय.” त्यांनी हात पुढं केला. “लाव फोन रोहिणीला. तू बोलू नकोस. मी सांगतो.”

बस आली. दार उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं. दोघंही उठले नाहीत.