न सुटलेली पानं

मित्रांनो, मी विक्रोळीच्या एका अध्यापक विद्यालयातलं जुनं पुस्तक आहे. शिक्षक व्हायला आलेल्या मुलामुलींच्या हातात पहिल्या दिवशी पडतं ना, ते मी. सत्तावीस वर्षं झाली. पाठ उसवली आहे, चिकटपट्टीवर दिवस काढतो आहे, आणि खरं सांगायचं तर आता थकलो आहे.

मला लिहिणारे गुरुजी एका खेड्यात शिकवायचे. पहिलं प्रकरण त्यांनी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं. त्याचं नाव, ‘आधी मुलांकडे बघा’. प्रकाशकाच्या आग्रहाखातर शेवटी थोडे नमुना पाठ जोडले. बांधणीच्या घाईत माझ्या नि माझ्याबरोबरच्या सगळ्या प्रतींच्या पहिल्या प्रकरणाची पानं वरच्या कडेला कापायची राहून गेली. कुणीतरी पट्टी घालून सोडवेल, म्हणून मी वाट बघत बसलो.

कुणी सोडवली नाहीत. एकशे बारावं पान मात्र बोटं लागून लागून काळं पडलं. तिथे ‘विहीर’ हा नमुना पाठ आहे. डावीकडे शिक्षकाचे प्रश्न, उजवीकडे मुलांची अपेक्षित उत्तरं. सराव पाठ आला की माशीला माशी मारून तो वहीत उतरवायचा, ही इथली रीत. नलिनी मॅडम इथे विद्यार्थिनी होत्या, तेव्हा त्यांनीही माझ्यावरूनच उतरवला. पुढे त्या इथेच शिकवू लागल्या आणि ‘मॅडमचं पुस्तक’ म्हणून माझा भाव वाढला. दर वर्षी सुट्टीआधी पुढच्या वर्षाचं पुस्तक ठरवायची बैठक होते. मॅडम म्हणतात, “जुनंच राहू दे.” मला न उघडताच म्हणतात. कव्हरं चढत गेली, वाचलं कुणीच नाही.

यंदा तरुण प्रज्योत सरांनी एक नवं गुळगुळीत पुस्तक आणलं.

“मॅडम, यात साठ पाठ रेडी आहेत. मुली नुसतं उतरवतील. टाइम कुणाकडे आहे आता?”

“आपल्यातही आहेत की पाठ.”

“विहिरीचा? विक्रोळीत?”

दुसऱ्या दिवशी निशाचा सराव पाठ माझ्यावरून होता. तो बघायचा आणि मग ठरवायचं, असं झालं. हरलो तर आम्ही चाळीसच्या चाळीस प्रती रद्दीत. विश्रांतीचं मला दुःख नव्हतं. पण पहिलं प्रकरण न उघडताच जाणार, हे जिव्हारी लागलं.

निशा मासळीवाल्यांच्या घरातली, एरवी तोंडाने फटकळ. पण टेकडीवरच्या शाळेतला चौथीचा वर्ग आणि मागच्या बाकावर मॅडम नि सर बसलेले बघून ती बावरली. मी टेबलावर उघडा होतो.

“तुमच्याकडे पाणी कुठून येतं?”

“विहिरीतून!” वर्ग एका सुरात ओरडला.

पुढचा प्रश्न होता, विहिरीवर पाणी भरायला कोण जातं. घाबरून निशाने तो गाळला आणि एकदम विचारलं, “विहिरीत कोण राहतं?”

“आमची आई!”

प्रज्योत सरांनी तोंडावर रुमाल धरला. निशा पांढरीफटक. “अरे, काल काय सांगितलं होतं मी?”

पहिल्या बाकावरची प्रांजल उभी राहिली. “बाई, काल तुम्ही दुसरं उत्तर ‘आई’च सांगितलं होतं. आम्ही कुठे विहीर बघितलीय? आमच्याकडे टँकर येतो. आई भांडायला पुढे जाते आणि मला कॅन घेऊन लाइनीत उभी करते.”

पाठ तिथेच आटोपला. बाहेर व्हरांड्यात निशा रडायला लागली. “मॅडम, वाट लागली ना माझी? पण मी मनाचं नाही केलं. पुस्तकातच लिहिलंय, उत्तरं आदल्या दिवशी पाठ करून घ्यायची.”

“कुठे लिहिलंय?”

निशाने एकशे बारावं पान दाखवलं. समासात पेन्सिलीने बारीक ओळ होती. ‘उत्तरे आदल्या दिवशी पाठ करून घेणे.’

मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे अक्षर माझं आहे गं,” त्या हळूच म्हणाल्या. “तेव्हा मीही तुझ्यासारखीच घाबरले होते.”

तेवढी एक ओळ प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीला दिली होती. गुरुजींची म्हणून.

मॅडमनी मला पुढून उघडलं. पानं सुटेनात. त्यांनी निशाकडून पट्टी मागितली आणि एकेक कड सोडवली. मित्रांनो, सत्तावीस वर्षांनी मला वारा लागला. उभ्याउभ्याच त्या वाचू लागल्या. ‘पाठ लिहिण्याआधी एकदा मुलांच्या वस्तीतून चालत जा.’

“निशा, आजचा पाठ धरत नाही मी. उद्या टँकरच्या वेळेला मुलांच्या वस्तीत जाऊन ये. मग परत घे.”

दोन दिवसांनी निशाने ‘आपलं पाणी’ हा पाठ घेतला. तिने योजलेलं निम्मं राहूनच गेलं, कारण मुलं बोलायची थांबेनात. प्रांजल तर फळ्यापाशी जाऊन लाइन कशी लावतात ते काढून दाखवत होती.

बैठकीत मॅडम म्हणाल्या, “जुनंच राहू दे.”

“मॅडम, परत?”

“हो. पण हे धर.” त्यांनी सरांपुढे स्टेपलर ठेवला. दुपारभर बसून दोघांनी चाळीस प्रतींची पहिली पानं सोडवली आणि मागचे नमुना पाठ पिना मारून बंद केले. एकशे बाराव्या पानाला पीन टोचली तेव्हा मला बरं वाटलं.

म्हणजे माझी सुटका नाहीच. या थकल्या अंगाने पुन्हा नव्या हातांत जायचं आहे. म्हणून एवढंच मागतो. मला कव्हर घातलं नाहीत तरी चालेल. मला पहिल्या पानापासून वाचा आणि वर्गात पाऊल टाकलंत की मिटून ठेवा. समोर मुलं बसलेली असतील.