मागच्या सीटचे पट्टे

काका गेले ते दुपारी जेवून जरा पडले आणि उठलेच नाहीत. जुन्या शिकाऊ विमानाचा मिस्त्री म्हणाला, "स्वतःचाच दंडक मोडला की हो त्यांनी."

दंडक साधा होता. पुतणी पुढच्या सीटवर, काका मागे, दोघांपुढे विमान चालवायची एकेक दांडी. एक हलली की दुसरी हलायची. म्हणून सोडणाऱ्याने "सोडलं" म्हणायचं आणि दुसऱ्याकडून "धरलं" ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. काका काही न बोलताच गेले होते.

आज ती पहिल्यांदा एकटी कसरती करणार होती. एकट्याने उडताना रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधायचे, नाहीतर उलटं झाल्यावर ते लोंबून दांडीत अडकतात, हे तिला पाठ होतं. पण मिस्त्रीने वर्षानुवर्षांच्या सवयीने ते काकांसाठी उघडून ठेवले होते. तिने पाहिलं. बांधायला हात गेला आणि मागे आला. घरच्या माणसाला दार दाखवल्यासारखं वाटलं तिला.

कोलांटी छान झाली. मग तिने विमान मुद्दाम गिरकीत टाकलं. गिरकी थांबवायला उलट्या बाजूचं पेडल पायाने दाबलं, दांडी पुढे ढकलली. दांडी हलेना. खाली शेतं भोवऱ्यासारखी फिरत होती. मागच्या सीटवरून तिच्या कानाशी येणाऱ्या बोलायच्या नळीत कोणीतरी संथ श्वास घेत होतं.

पट्टा अडकला, तिने स्वतःला बजावलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. "सोडा ना काका" ओठांवर आलं. पण ती रीत नव्हती.

"धरलं," ती म्हणाली.

दांडी अलगद पुढे गेली. कसरत उंचावरच करायची हा काकांचा हट्ट, म्हणून सावरायला जागा उरली.

ती उतरली तेव्हा मिस्त्री धावत आला. चेहरा पांढराफटक. "पट्टे उघडेच राहिले गं, माझ्या हातून."

दोघांनी मागे वाकून पाहिलं. पट्टे बांधलेले होते. रिकाम्या सीटला आवळतात तसे नाही. एक पोट सुटलेला माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा ठेवून.

मिस्त्री एक पाऊल मागे सरला. तिने पट्ट्याचं टोक धरून ओढलं. ते येईना.

"काका," ती हळूच म्हणाली, "धरलं म्हटलं ना मी."

पट्टा सरकला. सीटच्या पाठीला घडी पडेपर्यंत तिने तो आवळला.