मध्यंतरातला सत्कार

बंगळुरूजवळच्या आनेकलच्या कॉलेज रस्त्यावर मराठी मंडळींचं दत्तमंदिर आहे. त्याच्या मागच्या पडवीत दुपारी कॉलेजच्या पोरांना फुकट जेवण मिळतं. ती पंगत श्यामलाअक्का चालवतात. अन्न दत्ताचं, आपण नुसत्या वाढणाऱ्या, अशी त्यांची समजूत. आलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही, भात आणखी हवा का एवढंच विचारायचं. रूपश्री पहिल्यांदा आली तेव्हा वर्गातल्या मुलींना कळेल, असं काहीसं पुटपुटली होती. अक्कांनी तिला शब्द दिला, की इथलं इथंच राहील.

तो शब्द मोडायला दत्तजयंतीचं कीर्तन सापडलं, आणि मोडणारे निघाले मंदिराचे अध्यक्ष श्रीधरराव.

श्रीधररावांना मोठ्या माणसांची फार आवड. माणूस किती मोठा ते त्याच्या मोटारीवरून ओळखायचं आणि त्या मापानं वाकायचं. यंदा त्यांना इलेक्ट्रॉनिक सिटीतला देवव्रत गवसला होता. पुण्याहून आलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पाच दिवस हाताखालच्यांना पिळायचं आणि शनिवारी समाजाचं ऋण फेडायला निघायचं, असा त्याचा शिरस्ता. पोरांना वाटायला त्यानं स्टीलचे डबे आणले होते. झाकणावर त्याचं नाव, तेही असं ठसठशीत, की डबा उघडण्याआधीच खाणाऱ्याचं पोट भरावं.

डबे देताना एखादी गरजू मुलगी मंचावर हवी, तिनं दोन शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा. अक्कांनी नाव सांगायला साफ नकार दिला. म्हणून श्रीधरराव स्वतःच पंगतीत शिरले आणि हातात घास धरलेल्या रूपश्रीला नाव विचारून आले. वडीलधारं माणूस विचारतंय म्हणून तिनं सांगितलं. अक्कांना हे कळलं ते फार उशिरा.

कीर्तन सरस्वतीबाईंचं होतं. त्यांनी सूर लावला की पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं आपोआप थांबतं. कृष्णानं सुदाम्याला सगळं दिलं, पण देतोय हे त्याला कळूसुद्धा दिलं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज असा काही ओला झाला, की अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. सारं गाव सतरंजीवर आणि देवव्रत तेवढा पुढे खुर्चीत, मोबाइलवर बोट फिरवत. देव त्याच्यासमोरून येऊन गेला असता तरी त्याला पत्ता लागला नसता.

मध्यंतर झालं. या वेळी कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात, लहानथोर पाया पडतात. त्या घटकेला तो माणूस नारदाच्या जागी उभा असतो. श्रीधररावांनी तबकातला हार उचलला, सरस्वतीबाईंच्या समोरून नेला आणि देवव्रताच्या गळ्यात घातला. बाई चिपळ्या हातात धरून गुमान बाजूला सरकल्या.

मग माइक आला. देवव्रताच्या दातृत्वाचं वर्णन इतकं लांबलं, की सुदामा बिचारा वाटेतच राहिला. शेवटी श्रीधररावांनी जाहीर केलं, आपल्या मंदिरात रोज मोफत जेवणारी गरीब पण हुशार मुलगी रूपश्री हिनं पुढं यावं.

दोन मैत्रिणी तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. रूपश्रीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

अक्का उठल्या, सरळ मंचापर्यंत गेल्या आणि देवव्रतापुढं हात पसरले.

"द्या."

"नो नो, आंटी," तो गडबडला, "हे नीडी स्टुडंट्ससाठी आहे."

"इथलं मीही रोज जेवते, बाळा. फोटोत गरीब दिसायला हवं असेल तर बांगड्या पदराखाली झाकते."

बायकांत हशा पिकला. श्रीधरराव अक्कांच्या कानाशी आले. "अक्का, स्वल्प समजून घ्या. हॉल बांधून देणार आहेत ते."

"सरी, बरं. मग दुसरा डबा तुम्ही घ्या, अण्णा. तुम्हीही रोज इथलंच जेवता. आतल्या खोलीत बसून, वर तूप मागून."

माइक चालूच होता.

फोटो काही निघाला नाही. सरस्वतीबाईंनी चिपळ्या वाजवल्या आणि उत्तररंगाला हात घातला. देवव्रताला अचानक कसलीशी मीटिंग आठवली. गळ्यातला हार खुर्चीवर टाकून तो आरतीच्या आधीच गेला.

पण घेतलेलं नाव काही परत जात नाही. आरतीनंतर रूपश्री चपलांपाशी भेटली. उद्यापासून येणार नाही, म्हणाली. अक्कांनी समजूत घातली नाही. उद्या एकच दिवस ये, मग तुझी मर्जी, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीतलं ताट बंद केलं. श्रीधरराव आपल्या दुकानातून सवयीनं आले, तर पाट नाही, ताट नाही. अक्कांनी पडवीकडं बोट केलं. पोरांच्या ओळीत एक पान मांडलेलं होतं. श्रीधररावांनी घड्याळ पाहिलं, एकादोघांना फोन लावून पाहिला, आणि अखेर भुकेपुढं अध्यक्षपण हरलं. धोतर सावरत ते खाली बसले. त्या दिवशी वाढायचं काम दुसरीवर सोपवून अक्काही ओळीत बसल्या.

रूपश्री उशिरा आली. तिनं ती ओळ पाहिली, क्षणभर थांबली आणि अक्कांच्या शेजारी येऊन बसली. वाढणारीकडून तिनं दोनदा सार मागून घेतलं.

श्रीधरराव मात्र कसेबसे गिळत होते. दर घासाला त्यांची नजर दाराकडं जात होती, ओळखीचं कुणी येत तर नाही ना म्हणून.