मागच्या जिन्याची परवानगी

इमोजेन फॅरार दिवाणखान्याच्या जमिनीवर उताणी पडून छत न्याहाळत होती. तिच्या बॅटरीचा झोत प्लास्टरच्या वेलबुट्टीवरून सावकाश सरकत होता. चहाचे दोन कप हातात घेऊन डेस्मंड होलरॉइड शेजारी उभे होते. झोपलेल्या पाहुणीला चहा द्यायचा कसा, हे त्यांना उमगत नव्हतं.

"भेगा दिसतायत का कुठे?" त्यांनी आशेने विचारलं.

"नाही. फार छान टिकलंय."

त्यांचा चेहरा पडला. छत खराब निघालं असतं तर त्यांचं काम सोपं झालं असतं.

थॉर्नसीच्या समुद्राकाठचं हे चार मजली घर राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. तिथली घरांची रांगच्या रांग जुन्या वास्तूंच्या संरक्षित यादीत होती, त्यामुळे साधी खिडकी बदलायची तरी नगरपालिकेची परवानगी लागे. इमोजेन नगरपालिकेची वारसा अधिकारी. होलरॉइडांना घरात लिफ्ट हवी होती. त्यांची बायको ऑड्री हिला शरदात अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून ती गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. जिने चढणं आता तिच्याच्याने होणार नव्हतं. लिफ्ट बसवायची आणि तिला घरी आणायचं, एवढं एकच होलरॉइडांनी मनात धरलं होतं. त्यांच्या नकाशातली लिफ्ट दिवाणखान्याचं छत फोडून थेट वरच्या निजायच्या खोलीत जात होती.

छताला हात लावता येणार नाही, हे इमोजेनने उठून कपडे झटकता झटकताच सांगून टाकलं. मग ती घराच्या मागच्या बाजूला गेली. तिथे पूर्वी नोकरमाणसांसाठी बांधलेला अरुंद जिना होता. मूळच्या लाकडी पायऱ्या युद्धानंतर कुणीतरी काढून काँक्रीटच्या केल्या होत्या. त्यात जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. लिफ्ट इथे बसू शकेल, ती म्हणाली.

"म्हणजे माझ्या बायकोने मोलकरणींच्या वाटेने घरात यायचं?"

"शेवटची मोलकरीण जाऊन शंभर वर्षं झाली असतील, मिस्टर होलरॉइड."

ते नाकातल्या नाकात हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नवा नकाशा पाठवला.

चाकांची खुर्ची त्या जिन्याकडे जाणाऱ्या मागच्या बोळातून वळेल की नाही, याची खात्री करायला इमोजेन शुश्रूषागृहात गेली. खोली उबदार होती. भर जानेवारीत ऑड्री अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून बसली होती. तिचं बोलणं बरंच परत आलं होतं, फक्त एकेक शब्द शोधून काढावा लागे. खुर्चीचं मोजमाप तिने घेऊ दिलं. डेस्मंडने चहा दिला का, किती कडक केला होता, हेही विचारलं. मग म्हणाली,

"परवानगी मिळणार?"

"बहुतेक मिळेल."

ऑड्रीने बाहेरच्या हिरवळीकडे नजर वळवली.

"तुम्हाला नाही म्हणता येईल का?"

आपण चुकीचं ऐकलं असं इमोजेनला वाटलं. पण ऑड्री थांबत थांबत बोलत राहिली. घर देखणं आहे, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक हिवाळा तिने त्या घरात दोन-दोन स्वेटर घालून काढला होता. एकदा दुहेरी काचा बसवण्यासाठी अर्ज केला, तोही नामंजूर झाला. तेव्हा तुम्ही नव्हता इथे, अशी पुस्ती तिने मायेने जोडली. या शुश्रूषागृहात सकाळी उठलं की पाय गरम असतात. पलीकडच्या खोलीतली बाई पत्त्यांत लबाडी करते, पण खेळायला येते. आणि डेस्मंडने ऐंशी ओलांडली होती. तो आपल्याला उचलायला जाणार आणि एक दिवस दोघंही जमिनीवर पडून राहणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"हे त्यांनाच का नाही सांगत?"

"त्याला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही." ऑड्रीने पुढचा शब्द शोधला. "तुमचं तर ते कामच आहे."

इमोजेनने मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. काहीही कबूल न करता ती निघाली.

कचेरीत आल्यावर तिने नकाराचं पहिलं वाक्य लिहूनही पाहिलं. मागच्या जिन्याच्या ऐतिहासिक महत्त्वाबद्दलचं ते वाक्य नीट जमलं होतं, पण धादांत खोटं होतं. ते खोडून तिने परवानगीवर सही केली.

मंजुरी घरपोच येते, तरी होलरॉइड ती न्यायला स्वतः आले. टाय बांधून आले होते. त्यांनी कागद उभ्या उभ्याच वाचला, तिचे आभार मानले, आता इथूनच ऑड्रीला सांगायला जातो म्हणाले.

"सांगण्याआधी एकदा विचारा त्यांना," इमोजेन म्हणाली.

"काय विचारू?"

"घरी यायचंय का, ते."

पलीकडच्या टेबलावर फोन वाजत होता. कुणीतरी तो उचलला. होलरॉइड समोरची खुर्ची ओढून बसले.

"तिचं उत्तर मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर विचारलं नाही."

त्यांनी हातातला कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

"ही परवानगी किती दिवस चालते?"

"तीन वर्षं. तेवढ्यात काम सुरू करावं लागतं."

"तीन वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. कागदाची नीट घडी घालून त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हाताने चाचपली.

खिडकीतून तिला ते बसथांब्यावर उभे दिसले. समुद्राकडे जाणारी बस आली, थांबली. चालकाने त्यांच्याकडे बघून दार जरा वेळ उघडं ठेवलं. होलरॉइडांनी हातानेच त्याला जा म्हणून सांगितलं आणि ते गावाबाहेर जाणाऱ्या बसची वाट बघत उभे राहिले.