कडकन वाजलो म्हणजे बसलो नाही

मित्रांनो, मी एक जुना पाठीचा कणा आहे आणि आज मी संतापलेलो आहे. गोड गोड आत्मवृत्त ऐकायला आला असाल, तर आत्ताच उठा. उठताना मात्र पाठ सरळ ठेवा.

माझा मालक फरशी बसवणारा कारागीर. तो आईच्या पोटात असतानाच मी घडलो. चोवीस सुटे मणके, त्यांच्यामध्ये मऊ गाद्या आणि आतून जाणारा नाजूक मज्जारज्जू, असा माझा संसार. मालक रांगला, धडपडला, झाडांवर चढला. मी कधी हूं की चूं केलं नाही. सोळाव्या वर्षी तो कामाला लागला आणि माझे दिवस फिरले. दिवसभर उकिडवं बसायचं, कमरेत वाकायचं, फरशीची जड खोकी गुडघे न वाकवता उचलायची. त्याच्या हातांचं घरोघरी कौतुक झालं. माझं नाव निघायचं ते दुखल्यावर, तेही शिवी देऊन.

या लोकांची एक रीत आहे. फरशी बसवली की तिच्यावर ठोकून कान लावतात. भरीव वाजली तर नीट बसली, पोकळ वाजली तर उचला आणि पुन्हा बसवा. या आवाजाच्या भरवशावर मालकाने तीस वर्षं पोट भरलं, आणि तोच न्याय त्याने मला लावला! त्याचा जोडीदार अंगाने दांडगा, सगळे त्याला जाड्या म्हणत. चहाच्या वेळी तो पाठीला पाठ लावून मालकाला उचलायचा आणि झटका द्यायचा. कडकन वाजलं की मालक खूश, म्हणे मणका जागेवर बसला. अरे, मी जागा सोडली होती कधी? सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. घटकाभर मोकळं वाटतं, एवढंच. आळोखेपिळोखे देताना मी आपसूक वाजलो तर काही बिघडत नाही. पण दुखण्याचं मूळ आवाजाने जात नाही.

गेल्या वर्षी माझी एक गादी फुगली आणि बाजूच्या नसेवर दाबली गेली. आधी पायात कळ, मग मुंग्या, मग बधिरपणा. जिन्यात डाव्या पायातली चप्पल गळून पडली, तरी मालकाला पत्ता नाही. बायकोने ती उचलून आणली.

"अहो, पाय तुमचाच आहे ना? आज काम राहू द्या, डॉक्टरकडे चला."

जाड्या आहे की, एका झटक्यात बसवेल, म्हणत मालक निघाला. पालथ्या घड्यावर पाणी! मी वाटभर कळा दिल्या, याहून मोठ्याने मला ओरडता येत नाही.

जाड्याने त्या दिवशी सगळा जोर लावला. मी असा वाजलो की शेजारच्या खोलीतला रंगारी बघायला आला. मालक हसत त्याच्या पाठीवरून खाली उतरला, पाऊल टाकलं आणि कोसळला. फुगलेली गादी आणखी बाहेर आली होती. डाव्या पायाचा चवडा उचलेना.

शस्त्रक्रिया झाली, नस मोकळी झाली, व्यायाम रोज चालू आहे. मालक काठी घेऊन चालतो, पण चवडा अजून जमिनीला घासतो. उकिडवं बसून काम करणं संपलं. ज्या हातांचं एवढं कौतुक होतं, ते आता मांडीवर पडून असतात. मला त्याचा राग येतो, मित्रांनो, आणि त्याची दयाही येते.

तुम्ही तरी शहाणे व्हा. ओझं उचलताना गुडघे वाकवा, फार वेळ एका जागी बसू नका, पोटापाठीचे स्नायू बळकट ठेवा. गंमत म्हणून झटका देऊन कुणाची पाठ मोडायला जाऊ नका. आणि पाय बधिर झाला, पायातलं बळ गेलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परवा जाड्या भेटायला आला. निघताना हळूच म्हणाला, आठवडाभरापासून त्याच्याही पायाला मुंग्या येतात, कुणाकडून तरी पाठ मोडून घेणार आहे. मालकाने काठी उचलली.

"चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"तू कशाला येतोस? तुला धड चालवत नाही."

"म्हणूनच येतो. रस्ताभर माझ्या पायाकडे बघत चल."