ओठांतल्या टाचण्या

कपडे शिवणाऱ्या त्या बाईला एक मेली खोड होती. माप घेताना टाचण्या ओठांत धरायच्या. कॉलेजच्या पहिल्याच सुट्टीत लेक हॉस्टेलवरून आला तो पार वाळून. पँट कमरेवर ठरेना. "त्या मेसवाल्याचं तळपट होवो," म्हणत तिने त्याला स्टुलावर उभं केलं आणि कंबर आत घ्यायला लागली.

तो हळूच म्हणाला, "आई, मला तिथं फार भीती वाटते गं. गोळ्या घेतल्याशिवाय दिवस ढकलवत नाही. मित्र देतात."

तोंडात टाचण्या. तिने नुसतं "हं" केलं आणि हलू नकोस म्हणून त्याच्या पोटरीवर चापट मारली. टीप मारून झाली की विचारू, असं तिच्या मनात होतं. विचारलं, तर तो हसला. "काही नाही गं, गंमत केली." तिलाही तेच ऐकायचं होतं.

पुढे एका रात्री हॉस्टेलवर गोळ्या जास्त झाल्या. त्याच पँटमध्ये त्याचा देह घरी आणून ठेवला. कंबर अगदी बेतल्यासारखी बसली होती.

आता टाचण्या डबीत असतात. माप घेता घेता ती थांबते, मान वर करून विचारते, "काही म्हणालास का रे?"

"नाही मावशी," गिऱ्हाईक म्हणतं.

तरी ती तशीच वर बघत राहते.